जळल्या घराची माती

शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हाच मी पुस्तक मिटलं; फोन घरचाच असणार. गेली दोन वर्षं मी त्याच धास्तीत जगत होते. सकाळच्या गाडीनं जालन्याहून बदनापूरला यायचं, दिवसभर शिकवायचं आणि ऑफिसात फोन वाजला की हातातला खडू थांबवून तिकडं कान द्यायचा, अशी सवयच जडली होती. त्या दिवशी फोनवर आमच्या शेजारच्या हमीदाआपा होत्या. "सुमन, जल्दी निघ. अक्का बोलून न्हाई राह्यली," एवढंच म्हणाल्या. परतीच्या गाडीला अजून तीन तास होते. मी रस्त्यावर आले, जीपमध्ये बसले, पण सीट भरल्याशिवाय जीपवाला हलेना. दोन माणसं कमी, मग एक माणूस कमी... मी त्या एका माणसाचेही पैसे देते म्हटलं तेव्हा कुठं तो निघाला. घरी पोचले तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आपांनी अक्काच्या तोंडावर चादर ओढली नव्हती. "तू आल्याशिवाय कसं झाकू?" म्हणाल्या. तिचे दोन्ही हात सरळ करून छातीवर ठेवलेले होते, आणि ते हलत नव्हते. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या बहिणीचे हात स्थिर पाहिले.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. कौसल्या तिचं कागदावरचं नाव, पण सगळा सराफा तिला कौसाबाई झारेकरीण म्हणून ओळखायचा. झारेकरी म्हणजे कोण, हे आता सांगावं लागतं. सोनाराच्या दुकानात कानस चालते, तार ओढली जाते, दागिना घासला जातो आणि डोळ्यांना दिसणार नाही असा सोन्याचा कीस खाली पडतो. तो झाडलोटीत जातो, भट्टीच्या राखेत जातो, हात धुतलेल्या पाण्याबरोबर गटारातही जातो. ती राख, ती धूळ, तो गटारातला गाळ विकत घ्यायचा आणि त्यातून सोनं वेगळं काढायचं, हा आमचा पिढीजात धंदा. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. अक्का माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. लग्न होऊन गेलेली, तिसऱ्याच वर्षी नवरा वारला म्हणून परत आलेली. वडिलांची काठवट तिनं हातात घेतली, आणि त्यावर आईचं आजारपण, माझी शाळा, माझं कॉलेज, सगळं पार पाडलं.

काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची असते तशीच, लाकडाची, पण उथळ आणि रुंद. माती आधी वाळवायची, कुटायची, चाळायची. मग काठवटीत घेऊन पाण्यात बुडवायची आणि एका ठरावीक झोकानं फिरवायची. हलकी माती काठावरून पाण्याबरोबर निघून जाते, जड ते तळाशी बसतं. शेवटी उरते ती काळी, बारीक वाळू, आणि त्या वाळूच्या कडेला कधीमधी पिवळी रेघ. अक्काचा तो झोक मी पुष्कळदा उचलायला बघितला. माझ्या हातून माती जायची तशी वाळूही जायची. "घाई करून राह्यली तू," ती म्हणायची. "पाण्याला जाऊ दे. तू नको ढकलू."

इथवर सगळं मला आवडायचं. भीती होती ती पुढच्या कामाची. काळ्या वाळूतला अगदी बारीक कीस हातानं वेचता येत नाही. मग अक्का त्यात पाऱ्याचे चार थेंब टाकायची आणि अंगठ्यानं चोळायची. पारा सोन्याला धरतो, वाळूला सोडतो. तो पारा फडक्यातून पिळला की मऊ, पांढुरकी गोळी उरायची. ती मातीच्या वाटीत घालून शेगडीवर ठेवली की पारा धूर होऊन उडायचा आणि तळाशी सोनं राहायचं. हे सगळं आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत चालायचं. धूर डोळ्यांना नीट दिसायचाही नाही. मी बी.एस्सी.ला गेले आणि हा धूर माणसाला काय करतो ते पुस्तकात वाचलं. हात कापतात, हिरड्या सुजतात, मूत्रपिंडं निकामी होतात... त्या दिवशी घरी येऊन मी शेगडी उचलून गल्लीत नेऊन ठेवली. अक्कानं ती परत आत आणली. बाहेर वारा होता आणि वाऱ्यावर गोळीचा भरवसा नव्हता. "तुझी फी कशातून जाती, ते बी लिवलंय का पुस्तकात?" तिनं विचारलं. मी त्यानंतर रोज तिचे हात बघायला लागले. ती चहाचा कप उचलायची तेव्हा मी बशीचा आवाज येतो का, हे ऐकत असायचे.

जालना नुकता कुठं वेगळा जिल्हा झाला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी दुसऱ्या वर्षाला होते. पिंपळगाव रेणुकाईकडच्या एका शेतकऱ्याचं घर भरदुपारी जळालं. किसनराव त्यांचं नाव. कापूस घरातच भरून ठेवलेला, माणसं सगळी शेतात, आणि चुलीतल्या निखाऱ्यानं घात केला. माळवदाचं घर. लाकडं जळाली तसं वरचं मातीचं छत सगळंच्या सगळं खाली आलं. जीव कुणाचा गेला नाही, पण धाकट्या मुलीचं, उषाचं, लग्न महिन्यावर आलेलं आणि तिच्यासाठी काढून ठेवलेले दागिने पत्र्याच्या ट्रंकेत होते. गावानं आग विझवताना पाणी ओतलं, मग फावड्यांनी माती उकरली, त्यात ट्रंक फुटली आणि सगळं विखुरलं. एक डोरलं आणि चार पुतळ्या तेवढ्या हाताला लागल्या. बाकी काही सापडेना. तेव्हा कुणीतरी सांगितलं, जालन्याची कौसाबाई आणा.

माझी परीक्षा संपली होती, म्हणून अक्कानं मला बरोबर घेतलं. एसटीनं भोकरदन, तिथून पुढं मिळेल त्या वाहनानं. पोचलो तेव्हा अंगणात अर्धं गाव बसलेलं. अक्कानं कुणाशी बोलायच्या आधी त्या ढिगाऱ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. पाणी कुठून ओतलं, कुठल्या बाजूनं वाहून गेलं, उकरलेली माती कुठं टाकली, एवढंच विचारलं. मग किसनरावांना म्हणाली, "मालक, काय काय व्हतं ते सगळ्यांसमोर सांगा. आन् काम हितंच, अंगणात व्हईल. ज्याला बघायचं त्यानं बसून बघावं." किसनरावांनी यादी सांगितली. पुतळ्यांची माळ, एकदाणी, डोरलं, दोन पाटल्या. त्यांची बायको, सुभद्राबाई, लिंबाच्या बुंध्याला धरून उभी होती. पाटल्यांचं नाव निघालं तेव्हा तिनं पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, घर जळालेली बाई आहे, रडणारच.

चार दिवस अक्का विहिरीजवळ उकिडवी बसून राख आणि माती धूत होती. मी चाळायचे, ती धुवायची. पहिल्या दिवशी पुतळ्या निघाल्या, काही जशाच्या तशा, काही एकमेकींना चिकटून वेड्यावाकड्या झालेल्या. दुसऱ्या दिवशी एकदाणीचे मणी यायला लागले. तिचा धागा जळून गेला होता आणि मणी मुगाच्या दाण्यासारखे मातीत मिसळले होते. एकेक मणी काठवटीच्या तळाशी चमकला की बघणाऱ्यांत कुजबूज व्हायची. वाहून गेलेल्या पाण्याच्या वाटेवरची माती तिनं वीतभर खरवडून आणायला लावली, उकिरड्याकडच्या खळग्यापर्यंत. तिथंही वितळून थेंबासारखं झालेलं सोनं निघालं. लोक अचंब्यानं बघत होते. मात्र पाटल्या निघत नव्हत्या, आणि जसजसा ढीग कमी होत गेला तसतसं बघणाऱ्यांचं बोलणं कमी होत गेलं. ते आता मातीकडं बघत नव्हते. अक्काच्या हातांकडं बघत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी चाळणी उन्हात ठेवायला गेले होते. वळून पाहिलं तर विहिरीपाशी अक्का आणि सुभद्राबाई दोघीच होत्या. सुभद्राबाई खाली वाकलेल्या दिसल्या. मला वाटलं, घागर उचलायला वाकल्या असतील. मी परत आले तेव्हा त्या निघून गेल्या होत्या आणि अक्काच्या हातातली काठवट नुसतीच पाण्यावर तरंगत होती. "काय म्हणत होत्या?" मी विचारलं. "पाणी घेयला आल्त्या," अक्का म्हणाली, आणि धुवायला लागली. त्या दुपारी तिनं पहिल्यांदा माती घाईघाईनं धुतली.

चौथ्या दिवशी शेवटची पाटी धुऊन झाली. भोकरदनहून बोलावलेल्या सोनारानं सगळं तोलून पाहिलं. माळ, एकदाणी, डोरलं, सगळ्यांचं वजन जवळजवळ जुळलं. पाटल्यांचा मात्र कण नाही. किसनरावांचा धाकटा भाऊ उठून उभा राहिला. "मुगाएवढा मणी घावतो आन् बोटाएवढी जाड पाटली घावत न्हाई? हे बराबर हाय का?" किसनरावांनी अक्काकडं पाहिलं. अक्का शांतपणे म्हणाली, "सोनं जळत न्हाई, मालक. राखेत असलं तर राखेत घावतं, मातीत असलं तर मातीत. जड असतं ते तर लांब जातच न्हाई. ते तिथंच असतं, न्हाईतर..." आणि ती थांबली. ते 'न्हाईतर' तिच्या ओठांवर तसंच राहिलं. मी तिच्याकडं बघत होते. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. सगळ्यांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

मग आमची झडती झाली. गावातल्या दोन बायकांनी आम्हाला गोठ्यात नेलं. अक्काचा अंबाडा सोडला, लुगड्याच्या निऱ्या झटकल्या, माझ्या दप्तरातल्या वह्या उलट्या करून पाहिल्या. मी त्या खाली बसून गोळा करत होते. पोलिसांचं नाव निघालं, आणि मला डोळ्यांसमोर माझं कॉलेज, माझा नंबर, सगळं बुडताना दिसायला लागलं. अक्का केस बांधत बाहेर आली आणि किसनरावांना म्हणाली, "धुतलेली समदी माती तुमच्याच अंगणात हाय. दुसरा झारेकरी आना, पुन्हा धुवून घ्या. माझी मजुरी मला नको." सोनारानंही मध्ये पडून सांगितलं, की बाईनं हातचलाखी केली असती तर मणी का सोडले असते? तेवढ्यावर प्रकरण मिटलं. म्हणजे पोलीस आले नाहीत, एवढंच. परतीच्या एसटीत मी तिला विचारलं, "तू मधेच का थांबलीस? न्हाईतर काय?" ती खिडकीबाहेर बघत राहिली. "कायी न्हाई. दम लागल्ता."

उषाचं लग्न ठरल्या तारखेला झालं, असं कानावर आलं. आमच्याकडं मात्र झडतीची गोष्ट आमच्या आधीच पोचली होती. सराफ्यात तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण दोन दुकानांनी झाडलोट द्यायची बंद केली. एकानं 'आता आम्हीच धुतो' म्हटलं. त्या बाजूच्या गावांतून पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. हाती येणारी माती कमी, म्हणून तीच माती अक्का दोनदोनदा धुवायची, जास्त पारा लावायची, शेगडी जास्त वेळ पेटायची. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या पगाराच्या दिवशी शेगडी मोडून टाकली. पण तोवर बशीचा आवाज यायला लागला होता... आधी फक्त सकाळी, मग दिवसभर. बटण लावता येईना, सुईत दोरा ओवता येईना. आणि गल्लीत कुणीतरी म्हणालं, ते मी या कानांनी ऐकलं, "पाप हातात उतरतं."

आता जे लिहिते आहे ते लिहावं की नाही, याचा मी पंधरा दिवस विचार केला. तीन वर्षांपूर्वी अक्काला दवाखान्यात ठेवलं होतं. मूत्रपिंडं थकली होती. मी डॉक्टरांना पाऱ्याचं सांगितलं. ते म्हणाले, असेलही, पण इतक्या वर्षांनी खात्रीनं सांगता येत नाही. मी तिच्या खाटेशी बसले होते. मनात वीस वर्षं साचलेलं होतं आणि मला वाटलं, ही आता गेली तर हे माझ्यापाशी तसंच राहील. मी विचारलं, "अक्का, खरं सांग. माझ्या फीसाठी... तू त्या पाटल्या घेतल्या होत्यास का?" ती रागावली नाही. थरथरता हात तिनं दुसऱ्या हातानं धरून ठेवला आणि विचारलं, "तुला काय वाटतं?" मी सलाइनच्या थेंबांकडं बघत बसले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "पानी दे." त्यानंतर तो विषय आमच्यात कधीच निघाला नाही.

तेरावं होऊन आठवडा झाला असेल. एका रविवारी दारात एक पन्नाशीकडं झुकलेली बाई उभी राहिली, बरोबर विशीतली मुलगी. "मी विमल. जाफराबादहून आले. कौसाबाईंचं कळलं परवा," ती म्हणाली. मी तिला ओळखत नव्हते. चहा टाकेपर्यंत ती अक्काच्या फोटोसमोर हात जोडून उभी होती. मग बसली आणि म्हणाली, "पिंपळगावच्या किसनरावांची मी थोरली मुलगी."

थोरली मुलगी असल्याचं आम्हाला त्या चार दिवसांत कुणी सांगितलंच नव्हतं. कारण त्या घरानं तिला मेलेलं धरलं होतं. विमलताईंनी जाफराबादच्या एका शिक्षकाशी लग्न केलं होतं. मुलगा बौद्ध समाजाचा, शिकलेला, सरळ माणूस. किसनरावांनी तिच्या नावानं आंघोळ केली आणि घरात तिचं नाव घ्यायला बंदी घातली. आगीच्या काही महिने आधी विमलताईंचं बाळंतपण अडलं. औरंगाबादला न्यावं लागलं, पोट फाडावं लागलं. निरोप आईपर्यंत पोचला तेव्हा सुभद्राबाईंनी हातात दुसरं काही नव्हतं म्हणून ट्रंकेतल्या स्वतःच्या पाटल्या काढून गुपचूप पाठवून दिल्या. उषाच्या लग्नापर्यंत काहीतरी सांगू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. तेवढ्यात घर जळालं.

"आईला आधी वाटलं, सुटले. आता कोण विचारतंय?" विमलताई सांगत होत्या. "पण मंग तुम्ही आलात. कौसाबाई मण्यामण्याचा हिशेब लावायला लागल्या, तशी आईला झोप लागेना. उषाच्या सासरला माझं काहीच माहीत न्हवतं. कळलं असतं तर लग्न मोडलं असतं, आन् आईला बाबांनी घरात ठेवलं नसतं. तिसऱ्या दिवशी आईनं विहिरीवर तुमच्या बहिणीचे पाय धरले. कौसाबाईंनी म्हणे एवढंच विचारलं, 'पोरगी आन् लेकरू हायेत ना बरे?' आई 'हो' म्हणाली. 'मंग जावा,' म्हणाल्या."

मी चहाचा कप खाली ठेवला. घागर उचलायला वाकल्या, असं मी वीसबावीस वर्षं समजत होते.

"तुमची झडती घेतली तेव्हा आई तिथंच उभी होती. बोलली न्हाई. मरेपर्यंत तिला ते लागून राहिलं. मागच्या वर्षी ती गेली, बाबा त्याच्या आधीच गेल्ते. म्हणून आता मी हे बोलू शकते," विमलताई म्हणाल्या. मग त्यांनी शेजारी बसलेल्या मुलीकडं पाहिलं. "ही तीच. नर्सिंगला आहे. ही आठ-नऊ महिन्यांची असंल तेव्हा कौसाबाई आमच्याकडं आल्त्या. एकट्याच, जीपनं. मी ओळखलंच न्हाई. म्हणाल्या, 'मी जालन्याची. लेकराला बघाया आले.' हिला मांडीवर घेतलं. ही तेव्हा चांगली गुटगुटीत, मनगटाला अशा वळ्या पडल्त्या. कौसाबाईंनी हिचे दोन्ही हात धरले, त्या वळ्यांवरून बोट फिरवलं, आन् अशा हसल्या... म्हणाल्या, 'घ्या! घावल्या की पाटल्या.'"

ती मुलगी खाली बघून हसली आणि नकळत तिनं आपलं मनगट धरलं. मला रडू आलं नाही. आधी राग आला. मला सांगायला काय झालं होतं? मी काय गावभर करणार होते? पण राग पुरता वर यायच्या आधीच मला कळत होतं, की एकोणीस वर्षांच्या, पोलिसांच्या नावानं घाबरलेल्या मुलीला तिनं ते सांगणं शक्य नव्हतं. आणि पुढं, दवाखान्यात, मी ज्या शब्दांत विचारलं, त्यानंतर तिनं का सांगावं?

त्या दोघींना सोडायला मी स्टँडपर्यंत गेले. जाफराबादची गाडी लागली. गाडीत चढता चढता विमलताई वळल्या. "तुम्हाला हे सगळं माहीतच असेल म्हणा. सख्ख्या बहिणीपासून कोण काय लपवतं?"

"हो," मी म्हणाले. "अक्कानं सांगितलं होतं."

गाडी निघून गेली. घरी येऊन मी अक्काच्या खोलीत बसले. तिच्या खाटेजवळच्या कोनाड्यात तिची पाण्याची वाटी असते. हात कापायला लागल्यापासून तिला पेला धरता येत नसे, म्हणून ती दोन्ही तळव्यांत वाटी धरून पाणी प्यायची, खाली वाकून, एक थेंबही सांडू न देता. मी वाटीत पाणी घेतलं आणि तसंच पिऊन पाहिलं.  पाणी सगळं पदरावर सांडलं.